पडाववाल्याचे ओठ

सरकारी प्रचारगाडीतून मी गावोगाव माहितीपट दाखवत असे. त्या वर्षीचा माहितीपट एका बुडालेल्या आगबोटीवरचा होता. त्यात किनाऱ्यावरून बोटीपर्यंत होडीने उतारू नेणारा एक पडाववाला बोलताना दिसे. पण त्याचा आवाज काढून टाकला होता. त्याच्या जागी निवेदक सांगे, हा म्हणतो, समुद्र अचानक खवळला.

मालवणला तोच माणूस पडद्यासमोर उभा राहिला. खांद्यावर पंचा, अंगठ्याने सारखा तळहाताचा घट्टा चोळत होता.

"मी असा बोलाक नाय," तो म्हणाला. "दर्या निवांत होतो. बोट इतकी भरलेली का भाराची खूण असता तो तिचो तांबडो पट्टो पाण्याखाली गेललो. बोटकंपनीचो एजंट म्हणालो चढव, आणि शेवटची माणसां मीच चढवलंय."

गाडीबरोबरच्या साहेबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. माझं डोकं फिरलं. स्वतःचा गुन्हा कबूल करणाऱ्याच्याही तोंडात माहितीपट काढणाऱ्यांनी खोटं घातलं होतं, आणि ते गावोगाव फिरवत होतो मी.

दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या खेळाला तो चालत आला. त्याचं चित्र आलं तसा मी मशीनचा आवाज बंद केला. तो पडद्यासमोर उभा राहून पुन्हा तेच बोलला. पडद्यावरचे ओठ शब्दाशब्दाला जुळत होते.