मार्कचा शेवटचा अध्याय

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

सकाळी कागलहून कोल्हापूरला येताना एसटीत शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर बायबल. ओळीखाली बोट ठेवून मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय पुटपुटत होत्या. लेकीचं आज ऑपरेशन, ती लई घाबरलेली, म्हणून आत न्यायच्या आधी तिला तो वाचून दाखवायचा होता. अध्याय घेतला की पुरा करायचा, ही त्यांच्या घरची रीत.

मी बायबलचाच अभ्यास करते, मला कुठलं राहवतंय. म्हटलं, "मावशी, सगळ्यात जुन्या प्रतींत हा अध्याय मधेच संपतो. बाया येशूची रिकामी कबर बघून घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, बस्स. पुढचं, जिवंत झालेला येशू भेटतो ते, नंतर कुणीतरी जोडलंय."

त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, आता ह्या मावशी लेकीला काय वाचून दाखवणार?

"आसंल की," त्या म्हणाल्या. "तशा भेदरलेल्या बाया तितंच सोडून जायला त्या जोडणाऱ्याचा जीव झाला नसंल. मी तरी माज्या पोरीला तितं कशी सोडू?"

आणि बोट पुढच्या ओळीवर गेलं.

अभ्यासक कुठला भाग कुणी कधी लिहिला ते शोधतात, तसंच लोकांनी जपलेलं पुस्तक अख्खं धरूनही वाचतात, असं सरांनी शिकवलेलं. मी ते परीक्षेत लिहिलंपण होतं. कळलं मात्र आज.

तुम्ही कधी कुणाला शिकवायला जाऊन असं स्वतःच शिकून आलाय का? सांगा की.