दिल्लीचं मत

विट्यातला माझा न्हावी दाढी झाली की उलटा हात दोन्ही गालांवरून फिरवून खात्री करायचा. पंचेचाळीस साली महायुद्धाची लढाई संपली आणि दिल्लीच्या व मुंबईच्या कायदेमंडळांच्या निवडणुका आल्या. तेव्हा मत सगळ्यांना नसे; मला होतं, त्याला नव्हतं. पण कुठलं मत मोलाचं ते रोज तोलायचा तोच. "आवं अण्णा, मुंबईच धरा. फौजदार मुंबईचा, तलाठी मुंबईचा. दिल्ली लय लांब!"

दिल्लीच्या मतदानादिवशी सकाळी मी म्हणालो, "तुझं पटलं. आज काही जात नाही. मुंबईच्या वेळी बघू."

वस्तरा थांबला.

"जावा अण्णा," तो हळूच म्हणाला. "फौज दिल्लीची हाय. माजं पोरगं अजून तिच्यासंगं ब्रह्मदेशातच हाय."

मी गेलो. रांगेत सहज हनुवटीखाली हात गेला. तिथले खुंट तसेच राहिले होते.