दिवा किती वेळ चालू होता

मुलगा तीन वर्षांचा झाला, तरी सिस्टरने त्या दुपारी दिवा नक्की किती वाजता बंद केला असेल, हा प्रश्न आईच्या डोक्यातून जात नव्हता.

सिस्टर म्हणजे नवजात बाळांच्या खोलीतली. सव्वीस वर्षं तिने कावीळ झालेली बाळं निळ्या दिव्याखाली निजवली. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. प्रत्येक पाळण्याला एक कागद चिकटवलेला, त्यावर दिवा लावल्याची आणि बंद केल्याची वेळ. दूध पाजायला बाळ बाहेर काढलं, तर तेवढी मिनिटंही ती वजा करायची. लग्नाचं कुणी विचारलं तर "ड्यूटी संपली की बघते," म्हणायची आणि दुसऱ्या कुणाची तरी ड्यूटी अंगावर घ्यायची. बायका मागून तिला घड्याळबाई म्हणत. एकदा तिने ते ऐकलं आणि वळून शांतपणे वेळ सांगितली.

ही आई तर तिच्या मागेच लागली होती.

"सिस्टर, अजून पिवळा दिसतोय हो."

"रिपोर्ट चांगला आलाय. भिंत पिवळी आहे, बाई. तुम्हीही पिवळ्याच दिसताय. झोपता का त्याच्या शेजारी?"

सिस्टरने दिवा बंद केला, वेळ लिहिली आणि ती जेवायला गेली. आईने उठून बाळाच्या डोळ्यांवर पट्टी पुन्हा बांधली, दिवा लावला आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवा बंद होता, कागदही काढलेला. सिस्टर शेजारच्या पाळण्याच्या कागदावर वेळ लिहीत होती.

परवा आईने वाचलं, की त्या प्रकाशाने बाळाच्या रक्तपेशींतल्या डीएनएला इजा झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पुढे त्याचं काय होतं, हे कुणी ठामपणे सांगत नाही. उपचार टाळले तर कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते, हे मात्र सगळे ठामपणे सांगतात. म्हणजे डॉक्टरांनी दिलेले तास गरजेचे होते. वरचे तिचे होते.

"हल्ली तो चपला उलट्या घालतो," नवरा म्हणाला. "तेही दिव्यामुळेच का?"

"ते तुझ्याकडून आलंय."

"मग बाकीचं सिस्टरला विचार."

"काय विचारू? तुमची पाठ वळल्यावर मी दिवा लावला होता, तो किती वेळ चालला?"

"हेच विचार."

सिस्टर गेल्या महिन्यात निवृत्त झाली होती. ती चांगलीच झापणार, यात शंका नव्हती. पण तिने दिवा बंद करताना वेळ पाहिली नसेल, हेही शक्य नव्हतं. आधी स्वतःची चूक कबूल करायची, तास नंतर विचारायचे, असं ठरवून आईने तिला फोन लावला.