काठीविना लागलेलं पाणी

मिसिसिपीच्या काठी, टेकाडावर वसलेल्या पिकेट्स लँडिंग गावात लेम्युएल हॅस्केटला पिंपवाला म्हणून कुणी ओळखत नसे. खरं तर त्याचं पोट पिंपांवरच चालायचं. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवायच्या, लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि खारवलेल्या डुकरासाठी, पिठासाठी, व्हिस्कीसाठी पिंपं बांधून बोटीवर चढवायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. पण गावाच्या लेखी तो पाणाड्या. पीचच्या झाडाची बेचक्याची काठी दोन्ही मुठींत धरून लेम रानातून चालू लागला की मागे अर्धं गाव चाले, आणि काठीचं टोक खाली झुकलं की बायका तोंडाला हात लावत. पंचवीस मैलांत त्याने साठेक विहिरी दाखवल्या होत्या. दोन कोरड्या निघाल्या, पण त्या दुसऱ्या पंथाच्या, मेथडिस्टांच्या होत्या. गावातल्या बाप्तिस्टांत त्या कुणी धरत नसे.

या कामाचं तो काही घेत नसे, फार तर एखादी कोंबडी. बापानेच सांगून ठेवलं होतं की पाणी विकलं तर काठी मुकी होते. बापाचं आणखीही बरंच काही त्याच्यात उतरलं होतं. शुक्रवारी तो नवं पिंप सुरू करत नसे. वाटेत काळं मांजर आडवं गेलं तर टोपी उलटी घालून पुढे जाई. आणि रविवारी चर्चमध्ये तो खर्जात गाई. अख्ख्या मंडळीत खर्जाचा गळा त्याचा एकट्याचा, आणि त्याचा त्याला पाणाडेपणापेक्षा जास्त अभिमान होता.

यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली, त्या वसंतात एल्बर्ट विंगेट नावाचा नवा पाद्री आला. वय सव्वीस, अंगाने काटकुळा, ओहायोतून शिकून आलेला, आणि प्रत्येक शब्द मनापासून बोलणारा. तिसऱ्याच रविवारी त्याने शकुन-अपशकुनांवर प्रवचन केलं. घोड्याचे नाल, सशाचे पाय, चंद्र बघून बटाटे लावणं, सगळं सगळं सैतानाचं जाळं आहे, असं तो दीड तास सांगत राहिला. मंडळी खूश झाली. जो तो शेजाऱ्याकडे बघून मान डोलवत होता. डीकन ओबेद क्रंप, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांतला सर्वांत वजनदार माणूस, दोनदा मोठ्याने "आमेन" म्हणाला. संधिवातावर म्हणून खिशात कायम ठेवलेला सुकलेला बटाटा त्या वेळी तो मुठीत दाबून होता.

"आणि या गावात," विंगेट शेवटी म्हणाला, "एक माणूस झाडाच्या फांदीला विचारून पाणी शोधतो."

सगळ्यांच्या माना लेमकडे वळल्या. त्या साठांपैकी चाळीस विहिरींचं पाणी तीच माणसं पीत होती.

गुरुवारी कारभाऱ्यांची बैठक बसली. काठी देऊन टाक आणि पुन्हा हातात धरणार नाही असा शब्द दे, असं लेमला सांगण्यात आलं. लेमने भांडण केलं नाही. पीचच्या झाडांना गावात तोटा नव्हता, आणि दर वेळी तो ताजीच काठी तोडत असे, हे कुणी विचारलं नाही म्हणून त्यानेही सांगितलं नाही. शब्द मात्र त्याने दिला, आणि दिला म्हणजे दिला. विंगेटने ती काठी चर्चच्या शेगडीत जाळली. दुसऱ्या दिवशी सहा बायका राख मागायला आल्या. पोरांच्या खोकल्यावर ती रामबाण, म्हणे.

खरा घाव वेगळाच बसला. शरद ऋतूपर्यंत मागच्या बाकावर बसायचं आणि गायचं नाही, अशी शिक्षा झाली. पहिल्या रविवारी लेम मागे बसून ऐकत होता. मंडळीचं गाणं बूड निघालेल्या पिंपासारखं वाजलं. घरी येऊन तो जेवला नाही.

"गाऊ देत नाहीत तर पिंपात तोंड घालून गा," त्याची बायको ड्रूसिला म्हणाली. "तिथे क्रंप येणार नाही. त्याचं पोट अडकेल."

"तुला चेष्टा सुचते."

"मग काय रडू? साठ घरांना पाणी दिलंत आणि एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यांच्या विहिरींत बुळबुळीत बेडूक होवोत."

"ड्रूसी, शाप देऊ नये."

"शाप कसला? बेडूक चांगले असतात. पाणी स्वच्छ ठेवतात."

ऑगस्टात कोरडा दुष्काळ पडला. पाद्र्याच्या नव्या घराला विहीर नव्हती. त्याची बायको लव्हिनिया, नाजूक अंगाची मुलगी, रोज नदीवरून दोन बादल्या घेऊन टेकाड चढे. वर पोचेपर्यंत पाणी निम्मं सांडलेलं आणि उरलेल्यात चिखल. कारभाऱ्यांनी ठरवलं, विहीर खणायची, पण देवाला विचारून.

पहिल्यांदा विंगेटने डोळे मिटून प्रार्थना केली आणि त्याच्या मनात स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा आली. जागा सोयीची होती. विहिरी खणणारा आयरिश मल्रूनी चाळीस फूट खाली गेला आणि खडक लागला. मग क्रंपने सुचवलं की बायबल डोळे मिटून उघडावं, बोट ठेवावं आणि वचन निघेल तसं करावं. बोट पडलं ते शलमोनाच्या मंदिरावर, 'उंची तीस हात'. म्हणजे दारापासून पूर्वेला तीस हात, असा अर्थ सर्वानुमते लागला. पण हात कुणाचा? क्रंपचा हात आखूड, लोहाराचा लांब. तासभर वाद झाला. अखेर पाद्र्याचा हात धरायचा ठरला, कारण त्याला दीक्षा झाली होती. तिथेही मल्रूनीला फक्त धूळ लागली.

दुसऱ्या सकाळी क्रंप लेमच्या पिंपांच्या शेडमध्ये आला. इकडेतिकडे बघून त्याने दार लोटलं.

"लेम, एक पट्टी हवी होती."

"केवढ्या पिंपाची?"

"असेल ती." क्रंपने रुमालाने मान पुसली. "पाद्र्याच्या आवारात जरा फिरून येत जा की. पाय मोकळे होतात."

"काठी घेऊन?"

"मी काठी म्हटलं का? माणसाच्या हातात काहीतरी असतंच. वय झालं आपलं."

"मी शब्द दिलाय, ओबेद. तुझ्यासमोरच दिला. तू आमेन म्हणालास."

"मी प्रत्येकाला आमेन म्हणतो," क्रंप वैतागून म्हणाला, आणि पट्टी न घेताच गेला.

लेमला हसू आलं, पण दुपारी लव्हिनियाला टेकाड चढताना बघून हसू मावळलं. तिची बादली घेऊन तो वर पोचवून आला. पाणी कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तेच त्याला चावत होतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी विंगेट स्वतः त्याच्या दारात उभा राहिला. टोपी हातात, बुटांवर दोन्ही विहिरींची माती.

"मिस्टर हॅस्केट, मी तुम्हाला काठी धरा म्हणायला आलेलो नाही. मला एवढंच विचारायचंय. ते खरं असतं का?"

लेमने हातातला रंधा खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर त्याने कधी कुणाला दिलं नव्हतं, स्वतःलाही नीट दिलं नव्हतं.

"काठी झुकते, हे खरं," तो म्हणाला. "पण गेली बरीच वर्षं असं होतं की ती झुकायच्या आधी मला कळलेलं असतं. भल्या पहाटे कुठे धुकं अडून राहतं, मच्छरांचा थवा खांबासारखा कुठे उभा राहतो, करपल्या दिवसांत कुठलं गवत शेवटी पिवळं पडतं. बाप मला लहानपणी हेच दाखवत फिरायचा. मग काठी काय करते, ते मला माहीत नाही. कदाचित माझेच हात तिला वाकवत असतील. हे कळलं तेव्हा मला वाटलं, आपण लोकांना फसवतोय."

ड्रूसिला कोपऱ्यात बीन्स सोलत होती. "मला तीस वर्षं माहीत आहे," ती मान वर न करता म्हणाली. "आधी तुमचे पाय थांबतात, मग काठी. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

विंगेटचा चेहरा उजळला. "अहो, मग यात पाप कुठलं? हे तर ज्ञान आहे. उद्या या. काठी नको. फक्त दाखवा."

शनिवारी सकाळी पाद्र्याच्या आवारात गाव जमलं. मेथडिस्टही कुंपणावर येऊन बसले. लेम रिकाम्या हातांनी चालत गेला, मागच्या बाजूच्या रानटी द्राक्षवेलीपाशी थांबला आणि टाच आपटून म्हणाला, "इथे. अठरा फूट."

सगळे त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले.

"काठी कुठाय?" मल्रूनीने विचारलं.

"काठीशिवाय सांगतोय."

"म्हणजे अंदाज." मल्रूनीने फावडं खांद्यावर टाकलं. "प्रार्थनेवर एक खणली, पुस्तकावर एक खणली. अंदाजावर खणायला मी काय वेडा आहे?"

विंगेटने गवताचं, धुक्याचं, मच्छरांचं सगळं समजावून सांगितलं. लोक अस्वस्थ झाले. मच्छरांवर विश्वास ठेवायला पाद्री सांगतो, हे त्यांना पटेना. तेव्हा क्रंप पुढे आला. बायबलातल्या मोशेनेही काठी मारूनच खडकातून पाणी काढलं होतं, असं त्याने ठासून सांगितलं. तेव्हा काठी आणावी, पण आधी तिला बाप्तिस्मा द्यावा, म्हणजे दोष उरणार नाही.

"चार थेंब शिंपडा आणि मोकळे व्हा," कुंपणावरून एक मेथडिस्ट ओरडला.

"शिंपडलेला बाप्तिस्मा लागू पडत नाही," क्रंप गरजला. "नदीत पूर्ण बुडवली पाहिजे."

"लाकूड आहे ते, ओबेद. तरंगेल."

दहा मिनिटांत दोन्ही पंथांची अशी जुंपली की विहीर बाजूलाच राहिली. विंगेट मध्ये उभा होता. त्या प्रवचनाच्या दिवशी आपल्या बोलण्यावर मान डोलवणारी हीच माणसं, हे त्याला आज समजत होतं. त्याने काळा कोट काढला, घडी घालून बायकोच्या हातात दिला, आणि लेमला विचारलं, "तुमच्याकडे फावडं आहे?"

लेमने घरून बापाचं जुनं फावडं आणलं आणि ड्रूसिलाने दुसरं. दोघे खणू लागले. पाद्र्याला फावडं धरता येत नव्हतं. पहिल्या तासात त्याच्या तळहाताला फोड आले. लेमने त्याला माती पायाने कशी लोटायची ते शिकवलं. सोमवारी ते सहा फुटांवर होते, बुधवारी बारावर. मल्रूनी रोज येऊन काठावर बसे आणि भिंत कुठे कललीय ते सांगे. तिसऱ्या दिवशी त्याच्याने राहवेना, तो माती ओढायला लागला. "मी विश्वास ठेवत नाही," तो म्हणाला. "पण असं वाकडं खणलेलं मला बघवत नाही."

अठरा फुटांवर कोरडी चिकणमाती होती. एकोणीसवरही. वरून गाव वाकून बघत होतं. खाली लेमने फावडं टेकवलं. आयुष्यभर त्याच्या आणि लोकांच्या मध्ये ती काठी होती. चूक झाली तर काठीची. आज मध्ये कुणी नव्हतं.

"थांबायचं का?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" विंगेट म्हणाला. त्याच्या नाकावर माती होती.

लेमने भिंतीला तळवा लावला. माती गार होती, वरच्यापेक्षा बरीच गार. "खणा," तो म्हणाला.

एकवीस फुटांवर फावडं रेतीत गेलं आणि त्याची धार ओली होऊन वर आली. मग बुटांभोवती पाणी जमलं. पाद्री विंगेट त्या पाण्यात उभा राहून खो खो हसत सुटला, आणि लेम खर्जात गाऊ लागला. शिक्षेची मुदत संपायला अजून सहा आठवडे होते. विहिरीत त्याचा आवाज असा घुमला की मेथडिस्टांनीही टोप्या काढल्या.

गावाला यातून शहाणपण आलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. रविवारच्या आत क्रंपने उलगडा केला की ते फावडं लेमच्या बापाचं, म्हणजे पाणाड्याचं. सगळी ताकद दांड्यात होती. सोमवारी लेमचं फावडं चोरीला गेलं, आणि पुढे वर्षभर त्या दांड्याचे ढलपे गावात संधिवातावर फिरत राहिले. विंगेटने त्याविरुद्ध प्रवचन लिहायला घेतलं, आणि बायकोने विचारलं की लिहून कुणाला ऐकवणार, तेव्हा ठेवून दिलं. त्याऐवजी त्याने कारभाऱ्यांकडून लेमचा शब्द त्याला परत देववला आणि पुढचा बाकही.

लेम पुन्हा काठी धरू लागला. कुणी विहीर मागायला आलं की तो आधी पहाटे एकटा जाऊन शेत बघून येई आणि मग दुपारी लोकांसमोर काठी घेऊन चाले. पहाटे आता तो एकटा नसे. पाद्रीही दवात बूट भिजवत बरोबर येई आणि मच्छरांचे खांब मोजे. पाच वर्षांनी विंगेटची कॅन्ससला बदली झाली. तिथल्या कोरड्या माळावर त्याने नऊ विहिरी दाखवल्याचं पत्र आलं. ड्रूसिलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, 'लोक काठी मागतात. मी हातात बायबल धरतो. पाणी दोन्हींनी सारखंच लागतं, पण हे कृपा करून क्रंपना सांगू नका.'

लेमने पत्र परत वाचायला लावलं. मग तो उठून शेडमध्ये गेला, कारण शुक्रवार उजाडायच्या आत त्याला एक पिंप बांधायला घ्यायचं होतं.