एक वाजेपर्यंत मंजूर

"हे काय लिहिलंस?" ए.ई. साहेबांनी माझी रजेची दरखास्त दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर हलवली.

ए.ई. म्हणजे असिस्टंट इंजिनीअर. आम्हा लाइनमन लोकांचा देव तोच आणि यमदूतही तोच. आमचा भाग सीमेवरचा, तेलुगू राज्यातला. साहेब तेलुगू, मी मराठी, म्हणून आमची सगळी बोलणी हिंदीत व्हायची. ती मराठीत सांगतो, शिव्या गाळून.

"खरं आहे तेच लिहिलं साहेब. मुलीच्या शाळेत हेडमास्तरांनी बोलावलंय."

"असं कारण चालत नाही. सीझन आहे. कापसाच्या जिनिंग मिल्स रात्रंदिवस चालू आहेत. सीझनला रजा फक्त आजारी माणसाला. ताप लिही. नाहीतर कडुपु नोप्पि लिही, पोटदुखी. आत्ता सही करतो."

साहेबांचंही खोटं नव्हतं. आमच्या खात्यात दरवर्षी अर्ध्या लाइनमनांना ताप यायचा, कुणाला मेव्हण्याच्या लग्नाचा, कुणाला जत्रेचा. मीही चुलतभावाच्या हळदीला दोन दिवस तापानं फणफणलो होतो. सही मारणारा आणि मारून घेणारा, दोघांनाही सगळं ठाऊक असायचं. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. लग्नासाठी खोटं बोललो ते ठीक. पोरीच्या शाळेत जायला चोरासारखं काय म्हणून जायचं?

"साहेब, मी आजारी नाही," मी म्हणालो. "मुलीसाठी मी आजारी पडणार नाही. धडधाकट आहे आणि धडधाकटच जाणार."

साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. "आज तू शाळेत जाशील, उद्या सगळे लाइनमन शाळेत जातील. पोलवर काय मास्तर चढतील? बायकोला पाठव." आणि त्यांनी दरखास्तीवर लाल पेननं आडवी रेघ मारली.

बायकोला पाठव म्हणे! माझी बायको विमल तामसीकडच्या एका खेड्यात शाळामास्तरीण. सकाळी सातची बस धरायची ती संध्याकाळी सहाला परत. मी त्याहून पुढचा. लाइन पडली की कोणत्याही वेळी सायकल काढायची. आमच्या दोघांचे बाप दुसऱ्याच्या वावरात राबून मेले, पण आम्हाला त्यांनी शाळेत घातलं. म्हणून तर आम्ही नोकरीला लागलो. आणि नोकरीला लागलो म्हणून आमच्याच पोरीच्या शाळेत जायला आम्हाला वेळ नव्हता.

पोरगी सुजाता, सातवीत. चौथीपर्यंत विमलच्याच शाळेत मराठीत शिकली. पुढं तेलुगू आलं पाहिजे, नाहीतर या भागात नोकरी नाही, म्हणून पाचवीला तिला आमच्या राहत्या मावला गावातल्या तेलुगू मीडियम शाळेत टाकलं. हेडमास्तरांनी तिच्या डायरीत आधी दोनदा लिहून पाठवलं होतं, पालकांनी भेटावं. आम्ही सह्या करून डायरी परत पाठवली, गेलो नाही. तिसऱ्यांदा लिहून आलं : शनिवारी बारा वाजता वडिलांनी यावं, नाहीतर सोमवारी मुलीची टी.सी. घेऊन जावी. टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. सातवीला तेव्हा सगळ्या शाळांची एकच परीक्षा असायची. कच्च्या पोरांना त्याआधीच बाहेर काढून निकाल चकचकीत ठेवायची खोड पुष्कळ शाळांना होती.

"त्याच दिवशी माह्या शाळेत तपासनी हाये," विमल म्हणाली. "म्या रोज दुसऱ्याच्या मायबापाले चिठ्ठ्या धाडते, पोराकडं लक्ष द्या म्हून. अन् माह्याच पोरीच्या डायरीत तेच लिवून येते. लाज वाटून राह्यली मले."

"मी जातो."

"रजा कुठं हाये तुमाले?"

"नसू दे. जातो म्हनलं ना!"

आता तुम्हाला एल.सी. म्हणजे काय ते सांगावं लागेल. एल.सी. म्हणजे लाइन क्लिअर. पोलवर चढायचं तर आधी सबस्टेशनला जाऊन त्या लाइनचा करंट बंद करून घ्यायचा. ऑपरेटर रजिस्टरमध्ये लाइनमनचं नाव लिहितो, सही घेतो, आणि स्विचच्या दांड्याला लाल पाटी टांगतो : माणसं कामावर आहेत. मग ज्यानं एल.सी. घेतली त्यानं स्वतः परत येऊन सही केल्याशिवाय ती लाइन चालू होत नाही. साहेबानं सांगून नाही, मंत्र्यानं सांगून नाही. नियम कडक आहे, कारण पूर्वी एकदा 'माणूस उतरला' असं नुसतं ऐकून लाइन चालू केली होती, आणि माणूस उतरलेला नव्हता. आमचा ऑपरेटर रहीमभाई तेव्हा तिथं होता.

मावल्याच्या लाइनवर दोन पोलांचे चिनी मातीचे इन्सुलेटर तडकलेले होते. त्या आठवड्यात केव्हातरी ते बदलायचेच होते. मी कागद तयार केला : शनिवार, दहा ते एक, शटडाउन. त्यातला एक पोल शाळेच्या कुंपणाला लागून होता. हा योगायोग नव्हता. साहेबांनी कागद न वाचता मंजूर केला. माझी रजा मात्र त्यांनी नीट वाचून नामंजूर केली होती.

शनिवारी दहाला एल.सी. घेतली. मी आणि माझा जोडीदार पोचन्ना, दोघांनी हात चालवला. पावणेबाराला दोन्ही पोल झाले. एरवी काम लवकर उरकलं की लगेच जाऊन एल.सी. परत करायची, तशी पद्धत. पोचन्ना म्हणाला, "चला भाऊ, सबस्टेशनले."

"तू इथं सामानापाशी बस," मी म्हणालो. "माझं एक काम राह्यलंय."

आणि कमरेला सेफ्टी बेल्ट, खिशात पक्कड, अंगावर ग्रीसचे डाग, असा मी शाळेत शिरलो.

हेडमास्तरांनी मला पाहून शिपायाला विचारलं, "फॅन दुरुस्तीला आला का हा?"

"मी सुजाताचा बाप," मी तेलुगूत म्हणालो. माझं तेलुगू पोलवरचं. 'ओढ, सोड, सावकाश' एवढ्यावर चालणारं, ऐकलेलं मात्र सगळं कळायचं.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, घाईत होता. टेबलावर टी.सी.चा कागद तयारच होता, नुसती माझी सही बाकी. म्हणाला, मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. प्रश्न विचारला की खाली बघते. मंद आहे. सातवीला नापास होणार आणि शाळेचं नाव जाणार. मराठी शाळेत घाला.

"तिच्या वह्या दाखवा," मी म्हणालो.

वह्या आल्या. त्यांच्यासोबत सुजाताही आली आणि दाराशी मान खाली घालून उभी राहिली. गणिताची वही मी चाळली. बरोबर, बरोबर, बरोबर. तेलुगूच्या वहीत लाल खुणा होत्या, पण पानं भरलेली होती.

"बेटा, वर्गात काऊन बोलत नाई तू?"

तिनं हेडमास्तरांकडे पाहिलं. मग हळूच मराठीत म्हणाली, "पयल्या आठवड्यात म्या मराठीत उत्तर देल्लं होतं. सगळे हासले. सरनं उभं ठेवलं, पूर्ण पिरेड. मंग म्या बोलनंच सोडलं."

पाचवीचा पहिला आठवडा! अडीच वर्षं माझी पोरगी वर्गात मुकी बसली होती. मी रोज जेवताना विचारायचो, शाळा कशी हाये? ती म्हणायची, बरी हाये. आणि मी डुलक्या घेत 'हं' म्हणायचो. मला स्वतःचा असा संताप आला की हेडमास्तरांवर ओरडायलाही तोंड राहिलं नाही.

तेवढ्यात शिपाई आत आला. टाकीत पाणी नाही, मोटर बंद, पोरं तहानली. हेडमास्तर वैतागले. "हा करंट कधी येणार? कुणाला विचारायचं?"

शिपायानं खांदे उडवले. आणि दाराशी उभी असलेली सुजाता बोलली. तेलुगूत. खळखळून, न अडखळता.

"सर, लाइन क्लिअर माझ्या बाबांच्या नावावर आहे. सबस्टेशनात लाल पाटी टांगली आहे. बाबा जाऊन सही करतील तेव्हाच करंट येईल. तोवर ए.ई. सरसुद्धा चालू करू शकत नाहीत. केला तर पोलवरचा माणूस मरेल."

एवढं तेलुगू मला वीस जन्मांत यायचं नाही. रविवारी माझा डबा घेऊन ती सबस्टेशनला यायची, रहीमभाईच्या रजिस्टरात डोकावायची, हे मला ठाऊक होतं. भाषा शेजारपाजारच्या पोरींबरोबर खेळून शिकली असणार. मी ऐकलीच नव्हती कधी.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "ही बोलते?"

"विचारल्यावर बोलते सर. हसणाऱ्याले उभं करा, हिले नको," मी म्हणालो.

बाहेर जीप करकचून थांबली. ए.ई. साहेब! त्याच लाइनवरच्या मिलवाल्यानं फोनवर फोन केले होते, कारण आम्ही पोलवरून उतरलेले कुणीतरी पाहिलं होतं. नंतर कळलं, साहेब आधी सबस्टेशनला गेले, रहीमभाईला म्हणाले, तो शाळेत बसलाय, लाइन चालू कर. रहीमभाई म्हणाला, "साब, एल.सी. उसके नाम पे है. वो आके साइन करेगा, तब." साहेबांनी दम दिला तेव्हा रहीमभाईनं दांड्यावरची लाल पाटी नुसती बोटानं दाखवली.

"काय तमाशा लावलास?" साहेब दारातूनच गरजले. "काम संपलं ना?"

"पोलवरचं संपलं साहेब. इथलं चालू आहे."

"मिल बंद आहे तिकडं!"

"शटडाउन एकपर्यंत मंजूर आहे. सही तुमचीच आहे. आता बारा वीस झालेत."

"सस्पेंड करतो तुला! आत्ता!"

"करा साहेब. पण मग एल.सी. कोण परत करणार?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. खरं सांगतो, नोकरी गेली तर पोरीची शाळाच काय, चूलही गेली असती. पण सुजाता माझ्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी मला उठायचं नव्हतं म्हणजे नव्हतं. मी हेडमास्तरांकडे वळलो. "सर, तुमी सांगत होता."

हेडमास्तरांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्या बेल्टकडे. मग टी.सी.चा कागद ड्रॉवरमध्ये सारला. "बसू दे सातवीला. पण रोज एक पान मोठ्यानं वाचलं पाहिजे. घरी कोण ऐकणार?"

"मी ऐकतो," मी म्हणालो.

साडेबाराला उठलो. साहेबांनी मला जीपमध्ये घेतलं नाही. सायकलनं सबस्टेशन गाठलं, बारा पन्नासला सही केली, रहीमभाईनं पाटी काढली. दहा मिनिटं हातात राखून.

सुजाता सातवी पास झाली. पहिली-बिहिली नाही, सेकंड क्लास. घरी ती रोज पान वाचायची. कधी मी ड्युटीवर असायचो तेव्हा विमलला ऐकवायची, आणि कधी ऐकता ऐकता मला झोप लागायची, तेव्हा ती मला हलवून परत पहिल्यापासून वाचायची.

मला मात्र मेमो मिळाला. मेमो म्हणजे खुलासा मागणारं पत्र : एल.सी. हातात असताना खाजगी कामासाठी कामाची जागा सोडली, याचं कारण द्या. सगळ्यांनी सल्ला दिला, चक्कर आली म्हणून शाळेत सावलीला बसलो असं लिही, सुटशील. मी लिहिलं : मुलीच्या शाळेत गेलो होतो. वेळेत परत आलो. एवढंच. त्यावर माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं ताशेरा पडला.

रिटायर होताना कागदपत्रं तपासणारा क्लार्क त्या पानावर थांबला. "काका, ही लाल ओळ वाईट दिसते. एक अर्ज द्या, काढून टाकतो."

"हात लावू नको त्या ओळीले," मी म्हणालो. "झेरॉक्स काढून दे एक."

रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं तर रजा मिळत नाही, एवढा धडा मी नोकरीत शिकलो. ताप लिहिला असता तर मिळाली असती, आणि त्या दिवशी मी घरी आजारी होतो अशी नोंद राहिली असती. मी किती पोल चढलो ते सर्व्हिस बुकात कुठंही नाही. पण हा माणूस ड्युटी सोडून मुलीच्या शाळेत गेला होता, हे तारखेसकट, शिक्क्यासकट, साहेबाच्या सहीनं लिहिलेलं आहे. दुसऱ्या कोणत्या बापाकडं असा सरकारी पुरावा असेल तर त्यानं समोर यावं.