एका सहीचा अर्ज

आमच्यात सोडचिठ्ठी पंचांपुढे होते. वळसंगला माझ्या माहेरी, मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकून दोन्हीकडची माणसं बसली. एकाने सांगितलं, दुसऱ्याने स्टॅम्पपेपरवर लिहिलं. मुलगी माझ्याकडे, पिठाची गिरणी माझ्याकडे, मोटारसायकल नवऱ्याची, आणि गिरणीवरचं पतसंस्थेचं कर्ज ते फेडणार. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. सोलापूरला घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे त्या कागदाचं लॅमिनेशन करून घेतलं. भिजू नये, कुणी खाडाखोड करू नये. मला वाटलं, सुटले.

चार महिन्यांनी मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे कळतात. कर्जाच्या खात्यातून पैसे निघाले होते आणि मी काढले नव्हते.

ते कर्ज एकदाच हातात मिळालेलं नव्हतं. पतसंस्थेने एक मर्यादा ठरवून दिली होती. तिच्या आत लागतील तसे उचलायचे, जमेल तसे भरायचे. सुगीत ज्वारीची पोती घेऊन ठेवायला आम्ही ते खातं उघडलं होतं. खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणाचीही सही चालत होती, आणि तारण गिरणी. ते मोहोळला भावाकडे राहायला गेले होते, पण या खात्यावर त्यांची सही चालतच होती. त्यांनी सगळी मर्यादा उचलली आणि भरली नाही, तर गिरणी जप्त होणार होती. मुलीची शाळा आणि आमचं जेवण त्या एका पट्ट्यावर फिरतं.

चारचौघांत मला बोलता येत नाही. गिरणीत बरं असतं, आवाजात कुणी फार बोलत नाही. तरी पतसंस्थेत गेले. मॅनेजरसाहेबांपुढे तो कागद ठेवला.

त्यांनी वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "बाई, हा कागद तुमच्या दोघांतला. आमच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत. तुम्ही एकत्र राहता का वेगळे, त्यानं कर्जाला फरक पडत नाही. एकानं नाही भरलं तर दुसऱ्याकडून घेणार."

"मग माझं नाव काढा."

"त्याला त्यांचीही सही लागते. आणि एकट्याला एवढं कर्ज झेपतं का, तेही बघावं लागतं."

शेजारच्या कारकुनाने कागद उचलून उजेडात धरला. "लॅमिनेशन भारी केलंय की मावशी. शिक्का मारला तरी पुसून जाईल." रांगेतली माणसं हसली. मी कागद पिशवीत घातला आणि घरी आले.

त्या दिवशी मी दोन डबे करपट दळले. डोक्यात एकच फिरत होतं. पैसे काढायला एकाची सही पुरते. नाव काढायला दोघांची लागते. मग पैसे थांबवायला किती लागतात? हे मी विचारलंच नव्हतं, आणि साहेबांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून पुन्हा गेले आणि तेवढंच विचारलं.

साहेब म्हणाले, "थांबवायला एकाचा लेखी अर्ज चालतो. मग दोघांच्या सहीशिवाय रुपया निघणार नाही. पण बाई, तुम्हालाही नाही मिळणार. सुगीला ज्वारी कशी भरणार?"

"लोकांची दळीन. काल का न्हाय सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आज विचारलं की."

कारकून म्हणाला, "द्या मावशी, मी लिहितो, तुम्ही नुसती सही करा." दुसऱ्याने लिहायचं आणि मी सही करायची, असं कर्ज घेताना झालं होतं आणि देवळासमोरही झालं होतं. मी कोरा कागद मागितला. चौथी शिकलेय. अर्ध्या तासात सात ओळी झाल्या. आजपासून या खात्यातून माझ्या सहीशिवाय पैसे देऊ नयेत, दिल्यास जबाबदारी माझी नाही, असं लिहिलं. मग तेच दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि म्हटलं, ह्यावर शिक्का आणि तारीख द्या.

"साहेब जेवायला गेलेत."

"बसते मी."

साहेब आले, त्यांनी फाइली चाळल्या, फोन केले. मी बाकावरून हलले नाही. साडेतीनला शिक्का मिळाला.

आठवड्याने मोहोळहून ते, मुलीचे वडील, गिरणीत आले. डबे घेतलेल्या बाया रांगेत उभ्या होत्या.

"खातं थांबवलंस व्हय गं?"

"व्हय."

"मला विचारायचंस की. तितं लोकांपुढं माघारी धाडलं मला."

"मलाबी धाडलं हुतं."

"माझं नाव बी हाय त्या खात्यावर."

"हाय की. म्हणून तर तुमचीबी सही लागतीय. सोमवारी अकराला या, दोघं मिळून खातं मिटवू."

ते काही बोलायच्या आत रांगेतली म्हातारी म्हणाली, "बाबा, दळण असंल तर डबा ठिव, न्हायतर वाट सोड. माझी सून खोळंबलीय." बाया हसल्या. ते गेले. मी पट्टा चढवला. पीठ बारीक आलं.

सोमवारी ते आले नाहीत. कर्ज अजून दोघांच्या नावावर आहे. पण नवीन उचल बंद आहे आणि गिरणी चालू आहे. निघून गेलेल्या पैशांचे हप्ते मी भरते, त्यांनी काढलेल्यांचेसुद्धा, कारण गिरणी जाऊ द्यायची नाही. मात्र प्रत्येक पावतीवर, कुणी भरले त्या जागी, माझं नाव लिहून घेते. उद्या कोर्टात त्यांचा वाटा मागायचा तर तेच दाखवावं लागेल. कारकून कुरकुरतो, खातं एकच, नाव लिहून काय फरक पडतो मावशी. मी म्हणते, लिहा.