किल्ल्याच्या मोजणीची नोटीस

केडगावच्या उत्तमराव साळव्यांनी मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढली. नेवाशापासून पाथर्डीपर्यंत त्यांची साखळी पडली नाही असा बांध विरळा. काही बांधांवर त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं गेलं. ते पाणी पिऊन त्यांनी त्याच बांधाची हद्द बोटभरही न हलवता दाखवली. भावाभावांच्या हातात कुऱ्हाडी असल्या तरी हा माणूस आधी एकच विचारायचा, "लगतधारक हजर आहेत का?"

लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक. त्याला नोटीस गेली पाहिजे, हा नियम. नोटीस मिळूनही तो आला नाही तर एकतर्फी मोजणी करता येते, हाही नियमच. पण उत्तमरावांनी एकतर्फी मोजणी कधी केली नाही. ते पुढची तारीख द्यायचे. साहेब चिडले की खाली मान घालून म्हणायचे, "ज्याची हद्द, त्याच्या डोळ्यांदेखत."

निवृत्त झाले त्याच वर्षी पत्नी गीताबाई गेल्या. मुलगी यशोधरा पिंपरीला एका कंपनीत इंजिनिअर. दर रविवारी शेजारच्या मुक्ताबाईंकडे तिचा फोन यायचा.

"दादा, जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं, ठेवते मग."

गीताबाई होत्या तेव्हा मायलेकी अर्धा तास बोलायच्या आणि हे शेजारी उभं राहून ऐकायचे. आता बोलायचं दोघांनीच, आणि दोघांनाही काही सापडायचं नाही.

शहाण्णव साली कंपनीनं यशोला सहा महिने जपानला पाठवलं. येताना तिनं स्वतःसाठी हातात मावेल असं खेळाचं यंत्र आणलं. चार सेल घातले की हिरवट काचेवर तलवारवाला एक चिमुकला गडी उभा राहायचा. गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, जंगलात राक्षस मारून बळ वाढवायचं, आणि शेवटी किल्ल्यात शिरून राजकन्या सोडवायची. लिहिलेलं सगळं जपानीत. दिवाळीत एका दुपारी तिनं वडलांना बटणं शिकवली. त्या दुपारी दोघं दिवेलागणीपर्यंत शेजारी शेजारी बसली होती.

"मी या किल्ल्यात अडकलेय दादा. चावीच नाही कुठे. सगळा पालथा घातला," जाताना ती म्हणाली. "राहू दे तुमच्याकडेच. वाट सापडली तर बोलवा, मी येईन बघायला."

ती हे हसत म्हणाली होती. उत्तमरावांनी ते मनात धरून ठेवलं.

रोज सकाळी चहा झाला की ते ओट्यावर यंत्र घेऊन बसू लागले. खेळातल्या पहिल्याच गावात विहिरीपाशी एक म्हातारी उभी असायची. बटण दाबलं की ती तीच तीन ओळींची अक्षरं दाखवायची. ती वाचता येत नव्हती, पण उत्तमराव रोज आधी तिच्याकडे जायचे. "जय भीम, मावशी," म्हणायचे आणि मग पुढे निघायचे.

मुक्ताबाई कुंपणावरून बघायच्या. "भाऊ, त्यो डबा तुमाला कवा जेवाय घालतो का?"

"जेवायला नाही घालत, पण बोलतो."

"काय बोलतो?"

"ते अजून कळायचंय."

किल्ल्यात मात्र वाट सापडेना. तेव्हा त्यांनी ट्रंकेतून आलेखाचा कागद काढला. गड्याच्या एका पावलाला एक चौकोन धरून दालनामागून दालन उतरवलं. मग किल्ल्याबाहेर जाऊन भिंतीच्या कडेनं चालले. बाहेरून चाळीस पावलं. आतली दालनं, भिंती धरून, छत्तीस. तीनदा मोजलं, तरी चार पावलांचा फरक राहिला.

क्षेत्र जुळत नव्हतं. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीमागे चार पावलांची एक खोली होती, आणि तिला दार नव्हतं. विहीर खोदताना लावतात तसले सुरुंग गड्याच्या पिशवीत होतेच.

उत्तमरावांनी गड्याला भिंतीसमोर आणला, जागा यंत्रात कायम केली आणि ते बंद केलं. मग त्यांनी टपालाचा कागद घेतला.

'कुमारी यशोधरा उत्तमराव साळवे यांस. किल्ल्याच्या पश्चिम हद्दीची मोजणी रविवार, दिनांक १३ एप्रिल १९९७ रोजी सकाळी अकरा वाजता ठेवली आहे. भिंतीस सुरुंग लावावयाचा आहे. जातीने हजर राहावे. सोबत विहिरीवरील बाईंचा जबाब उतरवून जोडला आहे, त्याचा अर्थ कळवावा.'

दुसऱ्या दिवशी जयंतीची सुट्टी होती. आली तर मुक्काम करील, हा हिशेब त्यांनी कागदावर मांडला नाही.

त्या रविवारी त्यांनी ओटा धुतला, नवे सेल घातले, दोन खुर्च्या मांडल्या. पंच म्हणून मुक्ताबाईंना सांगून ठेवलं होतं. साडेअकराला त्या आल्या, पण निरोप घेऊन. "भाऊ, यशीचा फोन हाय."

"दादा, नोटीस मिळाली. ऑफिसात सगळ्यांना दाखवली मी." ती हसली, मग थांबली. "मला येता नाही येणार. परत जपानला पाठवतायत. तीन वर्षं. गुरुवारी विमान आहे, आणि इथलं काहीच आवरलेलं नाही."

"बरं."

"तुम्ही लावा ना सुरुंग. मला फोनवर सांगा काय निघालं ते."

"एकतर्फी?"

तिकडून खोकं सरकवल्याचा आवाज आला.

"त्या बाई काय म्हणतात?" उत्तमरावांनी विचारलं.

"कुठल्या? हां, विहिरीवरच्या." कागदाची सळसळ ऐकू आली. "विशेष काही नाही हो. इथलं पाणी गोड आहे, पिऊन जा, म्हणतेय."

उत्तमरावांनी रिसीव्हर एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, आहात ना?"

"आहे. तिकडचा पत्ता सांग."

लांबलचक पत्ता त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहून घेतला. फोन ठेवल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, "आता फोडा की भाऊ. मी हाय ना पंच."

"तारीख वाढवलीय, बाई."

घरी येऊन त्यांनी एक खुर्ची आत नेली. यंत्र सुरू करून गड्याला किल्ल्यातून मागे, सगळं जंगल तुडवत, विहिरीपर्यंत नेलं. म्हातारी बोलली. परत भिंतीपाशी यायला त्यांना तासभर लागला.

मग ते नव्या नोटिशीचा कागद घेऊन बसले. भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरात संपत होतं. तीन वर्षांपुढचा रविवार त्यांनी बोटांवर मोजून काढला, मधलं लीप वर्ष धरून: १६ एप्रिल २०००, सकाळी अकरा.